खाडा नसलेलं वर्ष

शुक्रवारी माझ्या नातीला अठरा पूर्ण होणार होती, आणि सोमवार उजाडला तरी ती कुठल्याच देशाची नव्हती. जन्मली परमुलखात, आणि तिथं नुसतं जन्मून कुणी आपलं म्हणत नाही. बापाच्या आधारावर इथलं नागरिकत्व मिळत होतं, पण अर्ज अठराच्या आत हवा. माझा लेक वेल्डिंगच्या कामापायी जग फिरला, पण हे एवढं काम त्यानं 'करू, करू' म्हणत लोंबकळत ठेवलं. पोरीला इथल्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली, त्यांनी नागरिकत्वाचा कागद मागितला, तेव्हा कुठं बापलेक पोरीच्या तात्पुरत्या प्रवासपत्रावर धावतपळत आले.

कचेरीतल्या बाईंनी लेकाचे कागद शेजारीशेजारी मांडले. जन्मदाखल्यावर एक साल, शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर त्याच्या आदलं.

"ही दोन वेगळी माणसं असू शकतात," बाई म्हणाल्या. "मोठा भाऊ वगैरे?"

"मी एकुलता एक आहे," लेक म्हणाला. "नगरपालिकेनं घोळ घातला असणार. झोपेत लिहितात लेकाचे."

मी मान डोलावली. खोटं बोलला म्हणून याच पोराच्या पाठीत मी धपाटे घातले होते, आणि आता माझीच मान डोलत होती.

बाहेर पायरीवर नात म्हणाली, "आजी, मग मी काय विमानतळावरच संसार मांडू?" हसत म्हणाली खरी, पण नखं पार मुळापर्यंत कुरतडली होती. ते काही मला बघवेना. मी उठले आणि परत आत गेले.

"आजी, रांग आहे," मागून कुणी म्हणालं.

"मी चाळीस वर्षं दम धरलाय बाबा, तू पाच मिनिटं धर."

बाईंना म्हटलं, "नगरपालिकेचं बरोबर आहे. घोळ माझा. शाळेत सहा पूर्ण लागत होती, पोरगं पाचाचं. मला हॉस्पिटलच्या धुलाईत सकाळी सातला हजर व्हायचं, घरी सांभाळायला कुणी नाही. मास्तरांना मी एक साल आधीचं सांगितलं, त्यांनी लिहिलं."

लेक माझ्या मागोमाग आत आला होता. "म्हणून मी वर्गात सगळ्यांत बुटका होतो?"

"ते तुझ्या बापावर गेलास. थोडं माझ्यामुळं."

बाईंच्या ओठांवर हसू आलं, पण पेन काही हललं नाही. "आजी, प्रतिज्ञापत्र घेऊ. पण आदल्या साली तुम्हाला मूल झालंच नव्हतं, याला पुरावा?"

"न झालेल्या पोराचा दाखला कुठली नगरपालिका देते हो?" मी फणकारले. आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. हजेरीपट!

धुलाईत प्रत्येकीला रोज सही करावी लागे. बाळंतपणाची रजा लाल शाईनं लिहीत. आणि ते आदलं साल म्हणजे, वर्षभर एकही खाडा नसेल तिला कायम करू, असं मुकादमानं सांगितलेलं साल. तापानं फणफणले तरी मी ओल्या चादरी पिळल्या होत्या.

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या भांडारात. भांडारवाला म्हणाला, "इतके जुने हजेरीपट? पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात माझी नात अठरा ओलांडून बसेल. तू कुलूप काढ, धूळ मी झाडते. इथल्या चादरी झाडण्यात माझी उमर गेली. त्यातली एखादी तूही जन्मल्यावर ओली केली असशील."

तो खो खो हसला आणि किल्ली शोधायला गेला.

बुधवारी दुपारी नातच ओरडली, "आजी, सापडलं!" लेक फडताळावरून उडी मारून खाली आला. बारा महिने, रोज माझी सही. वाकडीतिकडी, पण रोज. पुढच्या सालच्या पटात लाल शाईत बाळंतपणाची रजा आणि बाळंतपणाची तारीख, जन्मदाखल्यावरची तीच. संध्याकाळच्या आत मोठ्या डॉक्टरांचा शिक्का घेऊनच आम्ही बाहेर पडलो.

गुरुवारी कचेरीत प्रतिज्ञापत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. माझी चौथीपर्यंतची शाळा, अक्षर अक्षर लावत वाचलं. 'मी शाळेला खोटे वय सांगितले,' या ओळीशी अडखळले. मागं रांगेत शंभर कान. नात माझ्याकडे डोळे लावून उभी होती. मी ती ओळ खणखणीत वाचली आणि सही ठोकली.

बाईंनी पट पाहिले, दोन्ही सालं बोटानं ताडून पाहिली आणि शिक्का मारला. "अर्ज मुदतीत आला. पुरावा इतका चोख क्वचितच बघायला मिळतो. प्रमाणपत्र महिन्याभरात घरी येईल." नातीनं पावती आधी मला दाखवली, मग बापाला, मग रांगेतल्या अनोळखी माणसालाही.

"आणि तुमचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्या," बाई लेकाला म्हणाल्या. "एका वर्षानं लहान झालात."

"म्हणजे निवृत्ती एक वर्ष लांबली," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "आई, आणखी काही दडवलंयस का? आत्ताच सांगून टाक."

"सांगेन सावकाश. आधी पोरीच्या पावतीच्या चार झेरॉक्स काढून आण."