जशीच्या तशी परत आलेली पेटी

तुमच्या-आमच्या घरात एखादी तरी वस्तू अशी असते, जी निव्वळ चांगली आहे म्हणून वापरली जात नाही. पाहुण्यांसाठी राखलेले कप, घडी न मोडलेली चादर, वेष्टन न काढलेली खुर्ची. पाचवीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरात तर टीव्हीच्या रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकचं पांघरूण होतं. त्यांचा नवरा म्हणायचा, "बरं झालं, लग्नात मला कोणी वेष्टनात घालून दिलं नाही. नाहीतर मी अजून कपाटातच असतो."

बाई हसायच्या, पण पांघरूण काही निघायचं नाही. वस्तू जपण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाळेत शैक्षणिक साहित्याचं कपाट त्यांच्याच ताब्यात होतं, आणि त्याच्या किल्ल्या पर्समध्ये. मुलं पाठीमागे त्यांना 'कुलूपबाई' म्हणत. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि मनातल्या मनात त्यांना त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

आता, बाई वाईट नव्हत्या हे आधीच सांगायला हवं. जीव तोडून शिकवायच्या. कच्च्या मुलांना शाळा सुटल्यावर घेऊन बसायच्या. फक्त मुलांचा हात वस्तूला लागला की वस्तूची माती होते, ही त्यांची पक्की समजूत. त्यामुळे पृथ्वीचा गोल टेबलावरून दिसायचा, फिरायचा नाही.

त्या शहरात एक फार जुनं सार्वजनिक ग्रंथालय होतं. पायऱ्या दगडी, पण कित्येक पिढ्यांच्या पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या. तिथला शिक्षण विभाग शाळांना अभ्यासपेट्या द्यायचा, त्याही महिनाभर आणि फुकट. ग्रंथालयातल्या जुन्या ठेव्यावरून तयार केलेल्या या पेट्या. 'आपलं शहर कसं वाढलं' हा धडा आला तेव्हा मुख्याध्यापकांनी बाईंना त्या विषयाची पेटी आणायला सांगितली. तिच्यात शहराच्या जुन्या नकाशाची भली मोठी प्रत होती, रस्त्यांची आणि दुकानांची छायाचित्रं होती, भिंगं होती, छापखान्यातल्यासारखे लाकडी अक्षरठसे होते आणि मुलांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न लिहिलेली कार्डं होती.

बाईंनी धडा शिकवला. नकाशा फळ्यासमोर दोन्ही हातांनी उंच धरला. "लांबूनच बघा. लायब्ररीचा आहे." छायाचित्रं घेऊन बाकांमधून एक फेरी मारली. भिंगं आणि ठसे बाहेर काढलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटी कपाटात गेली आणि महिना भरला तशी त्या ती घेऊन ग्रंथालयात हजर झाल्या.

शिक्षण विभागाच्या प्रमुख निवृत्तीला टेकलेल्या होत्या. शाळाशाळांतून सगळे त्यांना पेटीताई म्हणत.

"तपासून घ्या, ताई," बाई म्हणाल्या. "एक ओरखडा सापडला तर सांगा."

पेटीताईंनी झाकण उघडलं. भिंगांभोवतीचा कागद तसाच होता. ठशांच्या डब्याची चिकटपट्टी सुटलेली नव्हती. प्रश्नांच्या कार्डांवरचा रबर जागचा हललेला नव्हता.

"खरंच की, जशीच्या तशी," त्या म्हणाल्या. आवाजात कौतुक मात्र नव्हतं. "वर्गात साथ वगैरे होती का हो?"

"नाही बुवा. का?"

"नाही, मुलं आजारी असतील म्हटलं. नाहीतर महिनाभरात हा रबरसुद्धा कसा निघाला नाही?"

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. शाबासकी ऐकायला म्हणून आलेल्या त्या. फणकाऱ्यानं म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू जपून वापरावी असं आम्हाला शिकवलंय."

"वापरावी, असंही शिकवलं असेल ना?" पेटीताई हसून म्हणाल्या आणि शेजारची दुसरी पेटी त्यांनी पुढे ओढली. ती आदल्या दिवशीच दुसऱ्या एका शाळेतून आली होती. छायाचित्रांचे कोपरे दुमडलेले, भिंगांवर बोटांचे ठसे, एका कार्डावर कुणीतरी पेन्सिलीनं स्वतःचाच एक प्रश्न लिहून ठेवलेला. "ही माझी यशस्वी पेटी. समोर बघा."

समोर लांबलचक टेबलाशी दोन निवृत्त गृहस्थ आणि एक काकू खळीच्या वाट्या घेऊन बसले होते. त्यांच्यापुढे फाटकी कार्डं आणि पानं होती.

"फाटलं तर ते चिकटवतात. त्यासाठीच येतात. सगळ्या शाळा तुमच्यासारख्या वागल्या तर त्यांना घरी बसावं लागेल."

पेटीताईंचा आवाज आता मऊ झाला.

"या इमारतीत सगळ्यात नवीकोरी पुस्तकं कोणती आहेत, सांगू? ज्यांच्याकडे कोणी फिरकलंच नाही ती. आणि ज्यांची पानं हाताळून हाताळून मऊ पडलीत, त्यांनी किती जणांना शहाणं केलं असेल, देव जाणे. ज्या लोकांनी घरची पुस्तकं देऊन हे ग्रंथालय उभं केलं, त्यांना नुसती जपायचीच असती, तर त्यांच्या घरी काय कपाटं नव्हती?"

एवढं बोलून त्यांनी पेटी बंद केली आणि बाईंच्याच हातात परत ठेवली. "आणखी थोडे दिवस राहू दे तुमच्याकडे. परत आणाल तेव्हा थोडी खराब करून आणा."

बाई शाळेत परतल्या त्या धुसफुसतच. 'खराब करून आणा म्हणे. उद्या म्हणतील, जाळून आणा.' कपाट उघडून पेटी ठेवायला गेल्या तर जागा पुरेना. म्हणून त्यांनी तळाच्या कप्प्यातली नकाशांची गुंडाळी बाहेर ओढली. शाळेचे स्वतःचे भिंतीवरचे नकाशे होते ते. नोकरीच्या सुरुवातीला, मुलांच्या तावडीतून वाचवायचे म्हणून, बाईंनी स्वतःच आत ठेवलेले.

गुंडाळी हातात येता येता तिचा निम्मा भाग गळून खाली पडला. मागच्या भिंतीला ओल होती. कागद एकमेकांना चिकटले होते, त्यांवर काळी बुरशी धरली होती. बाईंनी एक कोपरा अलगद सोडवायला घेतला, तर अख्खा एक देश बोटांना चिकटून आला.

एकाही मुलानं त्या नकाशांना हात लावलेला नव्हता. तरी ते गेलेच होते, आणि कोणाच्याही कामी न येता गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक भिंतीला सरकवले, नकाशा जमिनीवर पसरला आणि पेटीतलं सगळं भोवती मांडलं. "या. घ्या हातात, बघा."

कोणी हललं नाही. मुलं नकाशाभोवती कोंडाळं करून उभी होती आणि सगळ्यांचे हात पाठीमागे बांधलेले होते. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, खरंच हात लावायचा? मग रागावणार नाही ना?"

हे हात आपणच बांधलेत, हे बाईंना त्या क्षणी कळलं. त्यांनी एक भिंग उचललं, त्या मुलीच्या मुठीत दिलं आणि स्वतः गुडघे टेकून नकाशाशी बसल्या. "मलाही नीट दिसत नाही. आपली शाळा कुठे असेल, शोध बघू."

मग काय विचारता. पाच मिनिटांत नकाशाचा रंग दिसेनासा झाला, नुसती डोकी दिसत होती. जुना पूल सापडला, दोन रस्ते मिळतात तो कोपरा सापडला. शाळेच्या जागी शाळा नव्हतीच. तिथून एक निळी रेघ वळणं घेत गेली होती.

"बाई, हा ओढा आहे," भिंगवाली मुलगी म्हणाली. "आपल्या शाळेच्या जागेवरनं जातोय."

"कोणत्या बाजूनं?"

यावर मतभेद झाले. शेवटी सगळा वर्ग बाहेर पडला आणि नकाशातलं वळण आठवत इमारतीला वळसा घालून आला. मागच्या भिंतीवर एका ठिकाणी ओलीचा काळपट डाग चढला होता. एक मुलगा खिडकीतून आत डोकावला आणि ओरडला, "बाई, याच्या बरोबर आत तुमचं कपाट आहे!"

बाई थक्क झाल्या. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून त्या हजेरी घेत होत्या, दरवर्षी रंग का उडतो म्हणून रंगाऱ्याला नावं ठेवत होत्या. भिंतीखालच्या बुजलेल्या ओढ्याचं हे उत्तर मात्र पेटीत घडी घालून पडलं होतं, आणि त्यांनी ते महिनाभर कुलपात ठेवलं होतं!

वर्गात परत आल्यावर ओढा कुठून येतो यावरून वर्गातल्या जुळ्या बहिणींची जुंपली. थोरलीनं नकाशा आपल्याकडे ओढला, धाकटीनं आपल्याकडे. टर्रकन आवाज झाला.

सगळे डोळे बाईंकडे लागले. बाईंच्या तोंडाशी सवयीचे शब्द आलेच होते. ते त्यांनी गिळले आणि फाटलेली कड जुळवून पाहिली.

"दोघींनी उद्या माझ्याबरोबर ग्रंथालयात यायचं," त्या म्हणाल्या. "तिथे चिकटवायला शिकायचं. बाकीच्यांनीही या, बघायला."

थोरली घाबरत म्हणाली, "आणि बाई, आम्हाला रागावणार कधी?"

"बघू सवडीनं. आधी ओढा कुठून येतो ते सापडू दे."

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग त्या खोलगट पायऱ्या चढून गेला. दुरुस्तीच्या टेबलाशी एका आजोबांनी जुळ्यांना पातळ कागदाची पट्टी कशी लावायची, खळ किती घ्यायची, हे दाखवलं. धाकटीचं नाक खळीनं माखलं, पण नकाशा सांधला गेला. मग पेटीताईंनी मुलांना वाचनकक्षात नेऊन मूळ नकाशा दाखवला. पिवळा पडलेला, घड्यांवर कितीदा तरी सांधलेला.

"हा कोणी दिला?" भिंगवालीनं विचारलं.

"माहीत नाही गं. देणाऱ्यानं नाव सांगितलंच नाही."

"मग थँक्यू कोणाला म्हणायचं?"

पेटीताईंनी नकाशातल्या निळ्या रेघेकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यात ओढा शोधलात ना? त्या माणसाला ते ऐकून बरं वाटलं असतं."

निघताना बाई मागे रेंगाळल्या. "ताई, त्या दिवशी तुम्ही पेटी मुकाट्यानं परत घेतली असती, तर मी खूश होऊन घरी गेले असते. आणि माझी मुलं अजून हात मागे बांधून उभी असती. तुमचे उपकार कसे..."

"उपकार राहू द्या," पेटीताईंनी सांधलेल्या नकाशावरून हात फिरवला. "पुढची पेटी कोणती देऊ ते सांगा."

तेव्हापासून त्या वर्गातलं साहित्य ओलीपासून लांब, मुलांचा हात पोचेल अशा फळीवर असतं. त्यातलं काही फाटतं, काही मोडतं, आणि शनिवारी मुलं ते दुरुस्त करत बसतात.

वाचकहो, आपल्या गावातल्या ग्रंथालयात, आपल्या शाळेत जे काही आहे, ते आपल्याला न ओळखणाऱ्या माणसांनी आपल्यासाठी ठेवलं आहे. त्यांचे आभार मानायला आपण त्यांना गाठू शकत नाही. पण त्यांनी दिलेलं आपण वापरू शकतो, झिजवू शकतो, फाटलं तर सांधू शकतो आणि पुढच्याच्या हातात देऊ शकतो. ज्ञानाच्या वस्तूला याहून मोठा मान नाही, आणि देणाऱ्याला याहून खरे धन्यवादही नाहीत.