स्केलरची काळी चकती

जालिंदरला थोरामोठ्यांची चाड उरली नव्हती. सख्ख्या आईची, कुशाबाईची, इन्सुलिनची सुई त्यानं वीस दिवसांपूर्वी बंद केली आणि तो स्वतः विकायचा ती काळी चकती तिच्या गळ्यात अडकवली. थोरली काकू झुंबरबाई विचारायला गेली, तर म्हणाला, "काकू, तुम्हाला सायन्स कळायचं न्हाई."

न्हाई कळलं तर न्हाई, बघू तरी, म्हणून झुंबरबाई नात अपेक्षाला घेऊन यवतच्या मंगल कार्यालयात चकतीवाल्या कंपनीच्या सभेला पहिल्याच रांगेत जाऊन बसली. हॉल गच्च. कंपनीचे कोटातले पृथ्वीराज सर माइकवर गोड गोड बोलत होते, "माउली, ही साधी चकती नव्हं. ज्वालामुखीतली स्केलर एनर्जी आहे. साखर, सांधे, बीपी, सगळं मुळापासून जातं."

त्यांनी कुशाबाईला वर घेतलं. पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, तशीच पाय जुळवून उभी केली. तिच्या गळ्यातली चकती काढली, हात आडवा करून दाबला; बाई कलंडली. चकती परत गळ्यात घातली, पुन्हा दाबला. बाई खांबासारखी उभी. टाळ्या थांबेनात.

"अपे, स्केलर म्हंजी काय गं?"

"आम्हाला अकरावीला आहे, आज्जी. मराठीत अदिश. ज्याला माप असतं, दिशा नसते. ताप किती, वजन किती, एवढंच. लॅटिनमधल्या शिडीच्या शब्दावरनं आलंय. कितव्या पायरीवर आहे तेवढं सांगायचं, तोंड कुठं ते नाही."

"मग त्यात रोग बरा करायची ताकद कुठनं आली?"

"नाहीच. ते मापाच्या जातीचं नाव आहे."

झुंबरबाईनं जन्मभर डोक्यावर शेवंतीच्या पाट्या वाहिलेल्या. तोल कुठनं जातो हे तिला पुस्तकानं सांगायची गरज नव्हती. तिनं चकतीवरची नजर काढून सरांच्या पंजावर ठेवली. आणखी दोघांचे हात दाबलेले पाहिले, मग पदर खोचून स्टेजवर गेली. तिथं जालिंदर चकत्यांची पेटी घेऊन उभा होता.

"जालिंदर, हात धर आडवा."

चकती नसताना तिनं, सरांच्या बरोबर उलट, त्याचं कोपर अंगाकडं दाबलं. गडी हलला नाही. गळ्यात चकती घातली आणि मनगट बाहेरच्या अंगाला दाबलं. गडी खुर्चीवर आदळला. लोक हसले.

"बघितलंत? ताकद दाबणाऱ्याच्या हातात हाय. अपी म्हणती स्केलरला दिशा नसती, आन् सरांचा सगळा खेळ दिशेचाच."

"माउली, श्रद्धा नसली की एनर्जी उलटते," सर म्हणाले. पुढच्या दोन रांगांनी माना डोलावल्याच.

ती पुतण्याकडं वळली. "तुला ठाऊक व्हतं?"

"ट्रेनिंगला शिकवत्यात," जालिंदर खाली बघत म्हणाला. "पण सुई टोचली की आई रडायची, काकू."

"चिंधीखाली अंगठा काळा पडलाय, त्यो रडत न्हाई, म्हणून तुला ऐकू आला न्हाई. कुणी काय बी दाखवलं तर हात कुठं दाबतोय त्ये बघावं, एकदा आपण दाबून बघावं. मी दुसरीत शाळा सोडली, मला एवढं सुचलं. त्यो कोटवाला परका हाय, त्याला लबाड म्हणून मोकळी व्हईन. तू सगळं ठाऊक असून आईच्या गळ्यात ही चकती बांधलीस, तुला म्हणायला माझ्याकडं शब्द न्हाई. गाडी काढ. दवाखान्यात तिच्याजवळ तूच बसायचं, आन् डॉक्टरनं विचारलं सुई का सोडली, तर तुझ्या तोंडानं सांगायचं."