पाण्याला वास नव्हता

निरीक्षकाने बुटासकट पाऊल पुढे टाकलं आणि सूनबाईने त्याला दारातच अडवलं.

"साहेब, बूट इथे. पाय त्या हौदात बुडवायचे, मग आत. नियम तुमच्याच खात्याचा आहे."

निरीक्षक वाकून नाड्या सोडू लागला. न कळवता तपासणीला आलेल्या माणसाला अनवाणी करणं शहाणपणाचं की नाही, याचा तिने विचार केला नव्हता. पाय बुडवल्याशिवाय ती कुणालाच आत सोडत नसे.

पोहण्याचा हा तलाव तिच्या सासऱ्यांनी बांधलेला. परवाना इतकी वर्षं त्यांच्या नावावर होता. या उन्हाळ्यात पहिल्यांदा तो तिच्या नावावर झाला. तलावावर सगळे तिला सूनबाईच म्हणत, कारण सासरे तशी हाक मारत. पाण्यात खोट निघाली तर फाटकाला सील लागेल, आणि समोरच्या शाळेची मुलं एकदा दुसऱ्या तलावावर गेली की परत यायची नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला धास्ती वाटत नव्हती. सकाळीच तिने पाण्यातलं क्लोरीन मोजून आकडा फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिला होता. खाली 'तपासणारे' आणि तिची सही. सासऱ्यांना या फळ्याची भारी गंमत वाटे. "आमची सूनबाई रोज पाण्याचा ताप बघते," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आताही ते लगबगीने तिच्या कानाशी आले.

"अगं, पाण्याला वासच नाही."

"नसणारच, बाबा. घाम नि मळ खाऊन क्लोरीन दमलं की वास मारतं. पाणी चांगलं असलं की नाही मारत."

"ते तुझ्या कॉलेजात. साहेब लोक नाकाने तपासतात. माझी हयात गेली यात."

"हे साहेब काचेची नळी घेऊन आलेत."

"बरं बरं, तुझंच खरं," म्हणत ते हात पाठीमागे बांधून पंपाच्या खोलीकडे निघाले. तिला त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. निरीक्षक गाळणीचं विचारत होता.

तिने गाळणी दाखवली. तळाच्या जाळीचे सगळे स्क्रू जागेवर असल्याचं दाखवलं. बुडणाऱ्याकडे फेकायच्या कड्याची दोरी त्याने खेचून पाहिली, तिने आणखी जोरात खेचून दाखवली. उथळ भागात पेन्शनरांचा सकाळचा व्यायाम चालू होता. त्यांतल्या गुलाबी टोपीवाल्या मावशी तिथूनच ओरडल्या,

"साहेब, एकदा गरम पाण्याचं पण लिहा! आम्ही सांगून थकलो!"

निरीक्षक हसला. त्याच्या कागदावर एकामागून एक बरोबरच्या खुणा पडत होत्या. शेवटी तो खोल टोकाला, जिथे पंपाचं पाणी भिंतीतल्या तोंडांतून तलावात येतं तिथे, गुडघ्यांवर बसला. त्याने नळीत पाणी घेतलं, क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी गोळी टाकली, हलवलं.

पाणी झर्रकन गुलाबी झालं. आणि तितक्याच लगेच रंग उडून गेला.

"अरेच्चा," निरीक्षक नळी उजेडात धरत म्हणाला. "यात तर काहीच नाही."

सूनबाईने नळीकडे पाहिलं. मग श्वास घेतला, आणि मघाशी नसलेला वास तिच्या नाकात शिरला. पंपाच्या खोलीच्या दारात सासरे उभे होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा झाला होता.

"हे बघा मॅडम," निरीक्षक आवाज खाली आणत म्हणाला, "बाकी सगळं इतकं नीट आहे की तेवढ्यासाठी सील लावणं जिवावर येतं. आत्ता माझ्यासमोर पावडर घाला. 'कमी होतं, लगेच सुधारलं', एवढंच लिहितो नि निघतो. चालेल?"

सासऱ्यांनी दारातून जोरजोरात होकाराची मान हलवली.

सूनबाईचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. तिने ती इतक्या मोठ्याने वाजवली की निरीक्षकाच्या हातातली नळी हिंदकळली.

"सगळे बाहेर! आत्ता! मावशी, तुम्हीसुद्धा!"

"अगं, आत्ता कुठे अंग भिजलंय!"

"शॉवरखाली भिजवा. चला!"

ती निरीक्षकाकडे वळली. "कमी नाही, साहेब. फार आहे. रंग आला आणि गेला, बघितलंत ना? क्लोरीन बेसुमार असलं की रंगच खाऊन टाकतं. हे पाणी थोडंसं घ्या, त्यात तुमच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी भरपूर मिसळा, मग गोळी टाका."

त्याने तसं केलं. या वेळी गुलाबी रंग चढला आणि गेला नाही. रंगांच्या तक्त्यावरच्या शेवटच्या, सगळ्यात गडद चौकटीशी त्याने नळी धरली. नळीतला रंग तिच्याहून गडद होता.

"पाणी मिसळूनसुद्धा," तो स्वतःशीच म्हणाला. मग उठला. "कुणी टाकलं?"

दारातून सासरे एक पाऊल पुढे आले.

"बाबा, पंप बंद करा आधी," ती म्हणाली. मग निरीक्षकाला, "परवाना माझा आहे, साहेब. पाणी माझं."

"बंद ठेवावं लागेल."

"मी बंद केलाय. तुम्ही फक्त लिहा."

निरीक्षकाने लिहायला घेतलं आणि मध्येच थांबला. "किती दिवस धरू?"

"दिवस कशाला? ऊन चांगलं कडक आहे. ऊन क्लोरीन खातं. संध्याकाळी या आणि मोजा."

"आम्ही सांगून येत नसतो."

"मग न सांगता या."

निरीक्षकाने 'पुढील तपासणीपर्यंत' असं लिहून सही केली. 'कारण' या रकान्यात 'क्लोरीन जास्त' असं लिहिलं. त्याच्या शेजारच्या 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यावर मात्र त्याचं पेन रेंगाळलं, आणि तो रकाना कोराच ठेवून त्याने कागदाची घडी घातली.

बूट घालायला तो फाटकाशी आला, तेव्हा टॉवेलात गुंडाळलेले पेन्शनर फळ्याभोवती जमले होते. सासरे खडू घेऊन फळ्यासमोर उभे होते. सकाळचा आकडा पुसलेला होता. त्या जागी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पावडर फार पडली. तलाव बंद. 'तपासणारे' आणि सूनबाईची सही त्यांनी तशीच ठेवली होती. तिच्याखाली नवी ओळ होती, आणि तिच्यापुढे ते सावकाश, इतकी वर्षं परवान्यावर करत आले ती लांबलचक सही करत होते.

मावशींनी डोळे बारीक केले.

"टाकणारे? हे काय आणखी नवीन?"

"आजपासून आहे," सासरे म्हणाले आणि सहीखाली रेघ ओढली.

नाडी बांधता बांधता निरीक्षकाने फळा वाचला. मग दुसऱ्या बुटाची नाडी तशीच सोडून त्याने गुडघ्यावर कागद उघडला आणि कोऱ्या रकान्यावर पेन टेकवलं.