काकडीच्या पानांचा खल

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना खल आहे. काठाचा टवका उडालाय, पण आतून अजून गुळगुळीत आहे. स्वयंपाकघर मी कधी पाहिलं नाही. भाज्यांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझं आयुष्य गेलं.

तिथल्या संशोधक बाई माझ्यात आजारी पानं वाटायच्या आणि तो रस निरोगी रोपांवर चोळायच्या. उठलेल्या डागांवरून विषाणू ओळखायच्या. दर वेळी मला साबणानं धुऊन उकळायच्या. आधीचा रस राहिला, तर एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर जायचा. रोपं त्यांचे यजमान सांभाळायचे. ते काचघरातले माळी.

एकदा काकडीच्या दोन शेतांतून पिवळी पानं आली. दिसायला अगदी सारखी.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "विषाणू एकच आहे, बाई. त्याला दाद न देणारं नवं बियाणं दोन्हीकडे वाटून टाकू."

"सख्खे भाऊ दिसतात, साहेब. पण चुली वेगळ्या निघाल्या तर? दुसऱ्या शेताचं पीक हातचं जाईल."

बाईंनी रोपांना आधी एका शेतातला विषाणू लावला. तो आत मुरल्यावर दुसऱ्या शेतातला चोळला. दोन्ही एकच असतील, तर आधी आलेला नंतरच्याला शिरू देत नाही. वेगळे असतील, तर नवे डाग उठतात.

आणि बाईच आजारी पडल्या. दवाखान्यातून फोन यायचा. यजमान माझ्याजवळ बसून बोलायचे.

"अहो, डाग उठले का?"

"तू आधी दूध पी."

"विषय बदलू नका."

"उठले नाहीत गं अजून. उठले की आधी तुला सांगेन, मग साहेबांना."

डाग उठायच्या आत बाई गेल्या.

यजमानांनी पाणी घालणं सोडलं नाही. एका सकाळी पानांवर कड्यांसारखे नवे तपकिरी डाग दिसले. साहेब भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"दोन आहेत. बाईंचं खरं होतं. बियाणं थांबवतो."

यजमानांचा हात फोन काढायला खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी मला उचललं, साबणानं धुतलं आणि पाणी उकळायला ठेवलं. वाटायचं काहीच नव्हतं.

आता हे काम यंत्रं करतात. मी खिडकीत पालथा असतो. मित्रांनो, काम नसलं तरी मला धुऊन ठेवत जा. उद्या कुणी नवं पान घेऊन येईल, तेव्हा माझ्यात कालचं काही उरलेलं नसावं. बाईंची तेवढीच एक सक्त ताकीद होती.