डॉक्टरांच्या विमानाचं झाकण

मी झाकण बोलतोय. हसू नका. डब्याचं नाही, बरणीचं नाही, विमानाच्या पेट्रोलच्या टाकीचं. काचेच्या पुढ्यात, विमानाच्या नाकाडावरच माझी बैठक आहे. त्यामुळे आत बसलेल्यांची तोंडं मला समोरासमोर दिसतात.

माझा जन्म दातांच्या एका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये झाला. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि संध्याकाळी विमान जोडत बसायचं, हा त्यांचा उद्योग. माझ्या डोक्याला बारीक भोक पाडलं तेही दवाखान्यातल्या ड्रिलने, आणि सवयीने मलाच म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." या भोकाची मला भारी मिजास. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून टाकीत हवा शिरते. मी श्वास घेतला तरच इंजिन चालतं.

डॉक्टरांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, मात्र आमचं तोंड बघवत नसे. विमान तयार झालं, रीतसर तपासलं गेलं, उडायलाही लागलं, तरी "त्या डबड्यात मी बसणार नाही" हे काही सुटेना. डॉक्टर बिचारे शेजारच्या रिकाम्या सीटला नदी दाखवत उडायचे. त्यांना आभाळात जायचं होतं ते बायकोला घेऊन. मला फार वाईट वाटायचं.

आणि एके दिवशी बाई चक्क हो म्हणाल्या. का, ते डॉक्टरांनी विचारलंच नाही, उगाच विघ्न कशाला? अट एकच, आधी साफसफाई. फडकं आणि मेणाचं पॉलिश घेऊन त्यांनी विमान नाकापासून शेपटीपर्यंत घासून काढलं. माझी तर चंगळच झाली. फक्त जाता जाता मेणाचा एक गोळा माझ्या भोकात गच्च बसला. आता झाकणाने बोंबलून सांगायचं तरी कुणाला?

दुसऱ्या दिवशी उडालो. बाईंनी डोळे मिटलेले. मग एक उघडला, मग दुसरा. "केवढंसं दिसतंय हो आपलं घर," म्हणाल्या आणि हसल्या. डॉक्टरांचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होतात. नेमकं तेव्हाच इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

डॉक्टरांनी नाक खाली केलं, कापणी झालेलं एक शेत हेरलं आणि खुर्चीतल्या पेशंटशी बोलतात त्या आवाजात बाईंना सांगितलं, "काही होणार नाही. जरासं दडपल्यासारखं वाटेल." दोन उड्या मारून, ढेकळं उधळत आम्ही थांबलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी मला फिरवलं, तशी कोंडलेल्या टाकीने फुस्सकन हवा ओढली. त्यांनी नखाने मेण टोकरलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. बाई विचारू लागल्या, झालं काय? तर मला मुठीत दडवून म्हणतात कसे, "इंजिननेच दगा दिला. जुनंच होतं ते."

"मग मोडीत काढा," बाई म्हणाल्या. "मी पुन्हा बसायची नाही आणि तुम्हालाही बसू देणार नाही."

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं, पण मूठ काही उघडेना. शेवटी बाईंनीच ती उघडली आणि मला हुंगलं. स्वतःचं पॉलिश त्या ओळखणार नाहीत होय?

"हे भोक मुद्दाम ठेवलं होतं?"

"हो."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"तू पहिल्यांदाच माझ्या विमानाला हात लावलास गं," डॉक्टर म्हणाले. "तुझं चुकलं म्हटलं असतं, तर परत लावला असतास का?"

बाई केसांतली पिन काढून माझं भोक कोरता कोरता म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या दातांतली भोकं बुजवताय. मी एक बुजवलं, तर त्यात लपवायचं काय एवढं?"

डॉक्टर शेत पायाखालून घालून, आडवे येणारे दगड उचलून परत आले, तोवर बाई आत बसून पट्टा बांधून मोकळ्या झाल्या होत्या. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

त्याला बरेच दिवस झाले. बाई अजूनही विमान लखलखीत ठेवतात, पण मला वगळून. मी पार काळवंडलोय. तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि चकचकीत विमानावर हे कळकट ध्यान दिसलं, तर कीव येऊन फडकं तेवढं उचलू नका, एवढीच विनंती. मी काळाच बरा. काचेतून मला आता दोन तोंडं दिसतात, आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून दोन्ही एकदमच बोलत असतात.