गिरजा म्हटलं की गाडी

टीव्ही बिघडला असता तर गिरजाला एवढं वाईट वाटलं नसतं. बिघडलेली वस्तू दुरुस्त तरी करता येते. पण टीव्ही ठणठणीत होता. काच स्वच्छ, आवाज खणखणीत आणि पडद्यावर एकच पाटी: हे अ‍ॅप आता या टीव्हीवर चालणार नाही. बेळगावला दिलेल्या तिच्या लेकीने, सुप्रियाने, फोनवरून समजावलं, "आई, टीव्ही बरा हाय, आतली अ‍ॅपं म्हातारी झाल्यात. एक पेटी मिळतीया बघ, मागं जोडायची. ती घिऊन ये." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! पेटी आणायला रामनगरला जायचं कोणी आणि तोवर शंकरपाशी बसायचं कोणी?

शंकर म्हणजे गिरजाचा नवरा. रेल्वेचा गँगमन. कॅसलरॉकच्या घाटात रूळ तपासत त्याचा जन्म गेला. रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्याचं बोलणं आता एकट्या गिरजाला कळायचं. शेजारच्या पुतळीकाकूकडे तो पाणी मागायचा आणि ती बिचारी उठून पंखा लावायची. एक शब्द मात्र त्याच्या तोंडून स्वच्छ निघायचा: गिरजा. पाणी हवं, गिरजा. माशी बसली, गिरजा. काही नको, तरी गिरजा. लग्न झाल्यापासून "अगं"वर भागवणाऱ्या माणसाला बायकोचं नाव आत्ता कुठं सापडलं होतं, आणि बायकोला त्या नावाचा वीट आला होता.

टीव्ही चालत होता तोवर दुपारी दीड-दोन तास हे नाव बंद असायचं. कुणा हौशी माणसाने इंजिनात बसून कॅसलरॉकपासून खाली कुळ्यापर्यंतचा घाट चित्रित केला होता. बोलणं नाही, गाणं नाही, नुसते रूळ, बोगदे आणि दोन्ही बाजूंचं रान. शंकर रोज तेवढंच बघायचा. रानात झाड पडलं की नेटची तार तुटायची आणि गाडी मध्येच थांबायची. पण जुन्या रिमोटवर त्या अ‍ॅपचं एक मोठं बटण होतं. डाव्या अंगठ्याने ते दाबलं की गाडी पुन्हा चालू. त्या वेळात गिरजा मागच्या पडवीत बसायची. फार काम उरकायची असंही नाही. तिला काम नकोसं झालं नव्हतं, हाक नकोशी झाली होती.

तेव्हा पुतळीकाकूला बसवून ती वडापच्या जीपने रामनगरला गेली. म्हादूशेटच्या दुकानात आधी नव्या टीव्हीची आरती झाली. ती ऐकून घेऊन गिरजा म्हणाली, "टीव्ही नगं. पेटी दावा."

म्हादूशेटने तीन काढल्या. "ही बिननावाची, स्वस्त हाय. सगळं भरून येतंय आत. पर बंद पडली तर माज्याकडं येऊ नका अक्का. ही दुसरी चांगली हाय, निसतं रिमोटनं चालती. आन ही तिसरी, हिला बोललं की कळतंय."

"मोठं बटण हाय काय कुटल्या रिमोटला? त्येंचा डावाच हात चालतोय. बारकी बटणं जमत न्हाईत."

"बटण कशाला? ह्ये एकच दाबून धरायचं आन बोलायचं. बोला की तुमीच."

गिरजाने आजूबाजूला बघितलं, रिमोट तोंडाशी धरला आणि चोरटेपणाने म्हणाली, "घाटातली गाडी लाव." पडद्यावर घाट आला! तिचं खेडवळ बोलणं त्या पेटीने निमूट ऐकलं होतं. इतक्या महिन्यांत तिचं सांगणं एका फटक्यात ऐकणारं हे पहिलंच कुणी.

"किती वरसं जगंल ही?" तिने विचारलं.

"चार-पाच धरा. मग हिचीबी अ‍ॅपं म्हातारी हुत्यात."

शंकरबद्दल बेळगावच्या डॉक्टरनेही साधारण असंच काहीतरी सांगितलं होतं. बघू आधी कोण, असं गिरजाच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने पटकन तिसरी पेटी बांधून घेतली.

आता यात तिची काय चूक झाली ते कुणी शहाणा लगेच सांगेल. पण शंकरचं बोलणं ऐकून ऐकून तिच्या कानाला ते सरळच लागायचं. ते इतरांना कळत नाही, हे वडापात बसेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नाही. आणि आलं तेव्हा रामनगर मागे पडलं होतं.

घरी आल्यावर सुप्रियाने फोनवरून सांगितलं तशी तिने पेटी जोडली आणि रिमोट शंकरच्या हातात दिला. "ह्ये दाबून धरा आन म्हणा, घाट."

शंकरने दाबलं. जोर लावून म्हणाला. पेटीने ऐकलं आणि पडद्यावर भात आला: मसालेभात, वांगीभात, कुकरमधला मोकळा भात.

"पुन्यांदा म्हणा. गाडी म्हणा."

तो म्हणाला. साड्या आल्या. झुळझुळीत, काठापदराच्या, एकावर एक. शंकरच्या कपाळाची शीर तटतटली. घाटातला इंच न् इंच ज्याने तुडवला, त्याला हे यंत्र साड्या दाखवत होतं. गिरजा दाराच्या चौकटीला टेकली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. आता गाडी थांबली की पेटीशी बोलायलासुद्धा तिलाच यावं लागणार होतं. तिला रडू आलं नाही, तेवढंही अंगात उरलं नव्हतं.

"गिरजा!" शंकर कावून ओरडला. अंगठा बटणावर तसाच होता.

पेटी क्षणभर घुटमळली आणि पडद्यावर गिरजाच गिरजा आल्या. एक गिरजा भाकरी थापत होती, एक गौरीच्या ओव्या म्हणत होती, एक लहान गिरजा बक्षीस घेत होती. शंकर बघतच राहिला. मग त्याचं अर्धं तोंड हसलं. गिरजाने चौकट सोडली आणि सुप्रियाला फोन लावला.

"सुपे, त्या व्हिडिओला आपल्याला पायजे त्ये नाव देता येतंय काय गं?"

"आपल्यापुरती यादी करून तिला देता येतंय की, खातं माज्या फोनवरबी हाय. हितनंच करते. काय नाव दिऊ? आप्पाचा घाट?"

"त्येस्नी म्हणाय येतंय त्ये दे," गिरजा म्हणाली. "माजं दे."

त्या दिवसापासून गिरजा म्हटलं की गाडी सुटू लागली. नेट तुटलं, गिरजा. घाट संपला, गिरजा. मागच्या पडवीत बसलेली गिरजा पहिले दोन दिवस प्रत्येक हाकेला उठायची, अर्ध्यातून परत फिरायची. मग पायांना कळलं. नाव यायचं, पाठोपाठ रुळांचा खडखडाट यायचा आणि ती बसूनच राहायची. आपल्या नावाने दुसरंच कुणीतरी धावतंय, याचं सुख काय सांगावं! ज्याचं त्याला कळतं.

एका दुपारी नाव आलं आणि खडखडाट आला नाही. गिरजा थांबली. पुन्हा नाव आलं, पण ओरडून नाही, हळू. ती धुसफुसत आत गेली. रिमोट खाटेवर एका बाजूला पडला होता आणि शंकर डाव्या हाताने खाटेची कड थोपटत होता.

"काय पायजे?"

"ब," तो म्हणाला. बस.

हा व्हिडिओ तिने कधी पुरता बघितलाच नव्हता. गाडी लागली की ती निसटायची. ती कडेला टेकली. शंकरने रिमोट घेतला, बटण दाबून तिच्याकडे बघत तिचं नाव घेतलं आणि स्टेशन मागे सरकलं. एका वळणावर त्याने बोट दाखवलं. गँगची जुनी झोपडी. सुप्रिया पोटात असताना एकदा गिरजा तिथवर भाकरी घेऊन चालत गेली होती आणि सगळ्या गँगसमोर तो तिला रागे भरला होता, अशात रुळावरनं चालतात व्हय म्हणून. तो हसत होता. तीही हसली. पुढचा बोगदा आला, पडदा काळा झाला आणि भिंतीला डोकं टेकवून तिने जरा डोळे मिटले.

जाग आली तेव्हा ऊन पार पडवीच्या टोकाला गेलं होतं. गाडी कधीच कुळ्याला पोचली होती. पडद्यावर पाटी होती: तुम्ही अजून बघत आहात का? शंकर जागाच होता. रिमोट हातात होता, अंगठा मात्र बटणापासून लांब धरलेला. तो तिच्याकडे न बघता आढ्याकडे बघत होता. गिरजा उठायला गेली आणि तिचा हात चादरीवर टेकला. चादर ओली होती.

"अवो, मला हाक न्हाई मारायची?"

तो काहीतरी बोलला. दुसऱ्या कुणाला त्यात भात ऐकू आला असता नाहीतर साडी. गिरजाला सरळ ऐकू आलं: झोपली होतीस.

तिने त्याला कुशीवर वळवलं, पुसलं, चादर ओढून काढली. मागच्या दगडावर चादर आपटताना तिला त्याचा राग आला. या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्याने हाक मारली नाही म्हणून.