मागचं फाटक

"भावजी, रोज हाउसफुल्ल म्हणून सांगत होतात, आणि ह्या निम्म्या खुर्च्या कुणासाठी राखून ठेवल्यात?"

वहिनी थेट थिएटरच्या दारात. अंगावर ठेवणीतली साडी, हातात स्वतः रांगेत उभं राहून काढलेलं तिकीट. बॅटरीवाल्याने ते तिकीट उलटसुलट करून पाहिलं. अंधारात बॅटरी दाखवत लोकांना खुर्चीपर्यंत नेता नेता त्याचे केस पिकले होते, पण इतका नकोसा प्रेक्षक त्याच्या दारात कधी आला नव्हता.

सिनेमा गिरणीच्या आगीवर होता. त्या आगीत दादा गेला, त्याचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. गिरणीत वॉचमन होता. मागचं फाटक उघडून त्याने माणसं बाहेर काढली, आणि आतून अजून कुणीतरी ओरडतंय म्हणून परत शिरला तो शिरलाच. सिनेमावाले घरी आले, चहा प्यायले, दादाचा फोटो घेऊन गेले. "मोठी भूमिका आहे, ताई," म्हणाले. तेव्हापासून वहिनीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

भूमिका मोठीच होती म्हणा! नाव बदललेला, ढेरपोट्या, झिंगलेला वॉचमन. फाटकाची किल्ली शोधत स्वतःचे खिसे उलटेपालटे करतो, कुत्र्याला विचारतो, आणि शेवटी त्याच किल्लीवर बूड टेकून झोपून जातो. मग आग लागते. दादा उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता.

"साहेब, असं नव्हतं हो झालं," असं बॅटरीवाल्याने मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"अरे बाबा, 'सत्य घटनेवर आधारित' लिहिलंय. नुसतं आधारित! लोकांनी काय पैसे देऊन रडतच बसायचं? आणि तुला दार सांभाळायचंय ना अजून?"

दार सांभाळायचं होतं. खेळ चालू असताना आतल्या दाराशी उभं राहायचं, हा नियम. त्यामुळे प्रत्येक खेळाला दादाची टिंगल त्याच्या डोळ्यांदेखत व्हायची, आणि तो जमिनीकडे बघत राहायचा.

मध्यंतराचे दिवे लागले तसा तो वहिनीकडे धावला. "संपला. चला, घरी सोडतो."

"मला काय खुळी समजलात? मध्यंतर आहे हे! आणि हे अजून आलेत कुठे?"

दुसऱ्या भागात ढेरपोट्याने खिसे उलटे केले आणि हॉल फुटला. त्या हशात एक हसू बॅटरीवाल्याच्या ओळखीचं होतं. आई गेल्यावर त्याला ज्या घरात भरवलं गेलं, त्या घरातलं. वहिनी पदराने डोळे पुसत खदाखदा हसत होती.

मग आग लागली. "ऊठ की रे, मेल्या!" वहिनी ओरडली. "माणसं होरपळतायत! मुडदा बसवला तुझा!" मागच्या रांगेनेही तिला साथ दिली.

धावत जाऊन तिचं तोंड दाबावं असं त्याला वाटलं. पण पाय काही हलले नाहीत.

खेळ सुटला. सगळे गेले, वहिनी बसूनच होती.

"भावजी, हे नाही दिसले हो."

त्याने उगाच खुर्च्यांखाली बॅटरी फिरवली.

"आणि तो दारुडा कोण? मागच्या फाटकावर तर हेच होते ना?"

"सिनेमात... फाटकं इकडची तिकडे केलीयत, वहिनी. तो असाच घातलाय. हसवायला."

"हसवलं बाई त्याने. पण असा कुणी असता तर मी जोड्याने मारलं असतं." ती थांबली. "मग यांना?"

खरं सांगायचं असेल तर आत्ताच. पण तिने दिलेली शिवी अजून तिच्या ओठांवर ओली होती. खरं कळल्यावर ती तिला कुठे ठेवता आली असती?

"घेतलंच नाही त्यांना," तो म्हणाला.

वहिनीचा चेहरा एवढासा झाला. "फोटो नेला की हो." खुर्चीच्या हातावर ती बोट फिरवत राहिली. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखी उठली. "छे, असं कसं होईल? त्या धुरात, गर्दीत माझीच नजर चुकली असणार. उद्या येते पुन्हा. पुढच्या रांगेत बसवा मला."

"बसवतो, वहिनी."

पुढच्या खेळाची घंटा झाली. त्याने दार उघडलं.